आजाऱ्यांच्या दाढ्या करणारा माझा नवरा

महेश ज्याच्या घरी दाढी करायला जातो, तो माणूस जातोच.

असं आमच्या सोसायटीत म्हणायचे. माझ्या तोंडावर नाही, लिफ्टमध्ये. मी लिफ्टमध्ये शिरले की गप्प व्हायचे.

आज महेशला जाऊन वर्ष झालं. आणि उद्या मी त्याच्या दुकानाची चावी मालकाला परत देतेय. म्हणून आज सगळं लिहून टाकते.

महेश तळोज्याच्या एका कंपनीत डिस्पॅचला होता. कंपनी बंद पडली. सगळे दुसरी नोकरी शोधत होते आणि हा चाळिशीत नेरूळच्या एका सलूनमध्ये केस झाडायला उभा राहिला. काम शिकायला!

साताऱ्याहून चुलत सासऱ्यांचा फोन आला. “आरं, आपल्यात कुनी केलंय का हे काम?”

महेश म्हणाला, “नाही ना काका. म्हणून तर शिकावं लागतंय.”

मग स्टेशनपासून जरा आत एक गाळा भाड्याने घेतला. दोन खुर्च्या, एक आरसा, बाहेर पाटी. ‘आराम’. एसी नाही, हेड मसाज मात्र एक नंबर. माझे जेवणाच्या डब्यांचे पैसे आणि त्याचं दुकान, आमचं बरं चाललं होतं. रविवारी लोक बाहेर कट्ट्यावर नंबर लावून बसायचे. मला तेव्हा वाटलं, सुटलो आपण.

पण महेशला एक खूळ होतं.

त्याचे वडील, आमचे अण्णा, रोज सकाळी दाढी केल्याशिवाय चहाला शिवायचे नाहीत. ते हॉस्पिटलमध्ये पडून होते तेव्हा वॉर्डात यायला एकही सलूनवाला तयार झाला नाही. दाढीचे खुंट तसेच ठेवून गेले. महेशच्या मनातून ते कधीच गेलं नाही.

त्यामुळे दुकान टाकल्यावर त्याने एक वेगळी काळी बॅग केली. फक्त अंथरुणावरच्या माणसांसाठी. फोन आला की निघाला.

मी एकदा त्याच्यासोबत गेले होते. आमच्याच बिल्डिंगमधले कदम काका, लकव्याने पडलेले, बोलता येत नव्हतं. महेशने गरम पाण्याचा टॉवेल गालावर ठेवला. डावा हात त्यांच्या मानेखाली घातला. वस्तऱ्याचा एक हात फिरवला की थांबून विचारायचा, “दुखतंय का, काका?”

आणि खरंच उत्तराची वाट बघायचा. काकांनी पापणी हलवली की मगच पुढचा हात.

शेवटी आरसा दाखवला. काका आरशात बघून हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

मग नेरूळमधलेच आणखी एक आजोबा. मग नावड्याचे एक गृहस्थ. अहो, मरायला टेकलेल्या माणसाकडेच बोलवायचे त्याला, तो माणूस मरणारच ना! पण हे कुणाला सांगणार? शिकलेसवरलेले लोक, बेलापूरला ऑफिसात जाणारे, ते सुद्धा रस्ता ओलांडून पलीकडच्या सलूनमध्ये जायला लागले.

एक गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं असताना महेशला पेशंटच्या घरून फोन आला. ते साहेब म्हणाले, “हाच वस्तरा वापरता का तिकडे?” महेश बॅग दाखवतोय, ब्लेड दाखवतोय, पण साहेब अर्ध्या कटिंगवर उठून गेले. नंतर टोपी घालून फिरत होते.

मी हसले होते. महेश नाही हसला.

मग एका खुर्चीवर चादर पडली. रविवारी सुद्धा कट्टा रिकामा.

मी हात जोडले त्याच्यापुढे. “बंद कर रे हे घरी जाणं. दुकान बुडतंय आपलं.”

“आजारी माणसाला नाही कसं म्हणू?”

“मग आम्हाला नाही म्हण. आम्ही धडधाकट आहोत ना!”

त्याने बॅगेतला टॉवेल धुऊन वाळत घातला. आणि दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन गेला. मी आजही म्हणते, मी बरोबर होते. दुकान बुडालंच.

मग महेशला कावीळ झाली. आयसीयूत होता, काचेतून बघायचे मी. रोज दाढी वाढलेली दिसायची.

घरी आणलं तेव्हा गाल काळेपांढरे झाले होते. मी दिराला म्हटलं, “आधी दाढी.”

त्याने आजूबाजूच्या सलूनवाल्यांना फोन केले. एकाकडे गर्दी होती. एकजण येतो म्हणाला आणि फोन बंद करून बसला.

“वहिनी, राहू दे ना आता. उशीर होतोय.”

मी कपाटावरून काळी बॅग काढली.

“अगं, बायकोनं करत नाहीत,” कुणीतरी म्हणालं. करत नसतील. मी केली.

आयुष्यात कधी वस्तरा धरला नव्हता. गरम टॉवेल ठेवला, डावा हात मानेखाली घातला. एक हात फिरवला आणि सवय नसताना तोंडातून आलं, “दुखतंय का?”

आणि मी थांबले. त्याच्यासारखीच, उत्तरासाठी. मागे सगळे बघत उभे होते.

हनुवटीखाली माझा हात चुकला. चांगलंच कापलं. मी घाईघाईत पदर लावला.

रक्त आलंच नाही.

तोवर डॉक्टरांनी सांगितलं होतं, सगळ्यांनी सांगितलं होतं. मला कळलं ते तेव्हा.

उद्यापासून ‘आराम’च्या जागी मोबाइल कव्हरचं दुकान येतंय. खुर्च्या गेल्या, आरसा गेला. बॅग माझ्याकडे आहे. तिचं काय करायचं, माझं काय करायचं, खरंच कळत नाही.

महेश, श्रद्धांजली वगैरे लोक लिहितील खाली कमेंटमध्ये. माझ्याने लिहवत नाही.

तू सगळ्यांना विचारायचास. मला विचारायचं राहिलं तुझं.

हो रे. दुखतंय.