हवालदारकीवरचं कुंकू

मोठेबाबांच्या फौजेतल्या डिस्चार्ज बुकावर मी दसऱ्याला ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि ते नेमकं त्यांच्या हवालदारकीवर काढलं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. एकाहत्तरची लढाई लढले. फौजेतून सुटायच्या दोन वर्षं आधी हवालदार झाले, पण पेन्शनच्या कागदावर नाईकच राहिले. बँकेतून आले की म्हणायचे, "नाईकाचे पैसे आणले. हवालदार अजून उपाशीच हाय." त्यांनी ऐंशी ओलांडली तेव्हा कुठे मी अर्जाचं मनावर घेतलं. बढतीचा पुरावा म्हणजे त्या बुकातली शाईची एक ओळ. दसऱ्याला आमच्याकडे विळा, सायकल, माझा लॅपटॉप, सगळं पाटावर बसतं. बुकही बसवलं. बंद असलं तर देवाला काय दिसणार, म्हणून ते पान उघडून ठेवण्याची अक्कलही माझीच.

दोन दिवसांनी ते लाल पान घेऊन आम्ही वरोऱ्याहून एसटीने चंद्रपूरला, माजी सैनिकांच्या कार्यालयात गेलो. टेबलामागच्या बाईंनी आधी पान पाहिलं, मग मला.

"हे कोणं केलं?"

"दसऱ्याची पूजा होती," मी म्हणालो.

"पूजा झाली. आता मी वाचू काय?"

मोठेबाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडेच बघत बसले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाईंनी पान उलटं करून खिडकीशी नेलं. लिहिणाऱ्या कारकुनाचा हात भलताच जड असावा, मागे अक्षरं उठली होती. त्यावर पातळ कागद ठेवून त्यांनी पेन्सिल आडवी फिरवली. जेवणाची सुट्टी झाली, डबा तसाच राहिला. शेवटी तो कागद उलटून उजेडात धरला, तेव्हा बढतीच्या आदेशाचा नंबर आणि साल वाचता आलं.

"पुरते एवढं," त्या म्हणाल्या, आणि पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र स्वतःच लिहायला बसल्या.

पुढचे आठ महिने काय झालं, काय अडलं, ते त्या आपणहून फोन करून सांगायच्या. असं सरकारी माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. जुना आदेश सापडला. पेन्शन हवालदाराची झाली, मागची थकबाकीही मिळाली. मोठेबाबांनी आकडा विचारला नाही. मंजुरीच्या पत्रातला 'हवालदार' हा शब्द तेवढा मला तीनदा वाचायला लावला.

घरचे आंबे घेऊन आम्ही बाईंकडे गेलो. त्यांनी एकच घेतला. मोठेबाबा भिंतीला धरून उठले, भिंत सोडली आणि कडक सलाम ठोकला. बाईही खुर्चीतून उठल्या.

बाहेर येताना मी त्या सलामाच्या भरात म्हणालो, "मोठेबाबा, यंदा दसऱ्याला हे पत्र पाटावर ठेवू."

त्यांनी पत्र आतल्या खिशात घातलं.

"त्याले हात लावू नको. पुजाचंच असन तं तुह्यं डोस्कं पूज. वापरलंच नाई, कोरं करकरीत हाय."