नातीनं वाचलेली आजी

"आजी, अंगठा टेका इथं. घाबरू नका, शाई धुतली की जाते."

कॉलेजच्या स्टेजवर पांढरा कपडा ताणून बांधला होता. पाहुण्यांनी त्यावर जाड पेनानं सह्या केल्या. माझी पाळी आली तसा सरांनी पेन खिशाला लावला आणि शिपायाकडून निळ्या शाईची डबी मागवली. मी म्हणणारच होते, पेन द्या की. तेवढ्यात त्यांनी माझं बोट धरलं. शाईत बुडवलं. कपड्यावर दाबलं. समोर पोरं टाळ्या वाजवायली होती. कुणीतरी फोटो काढला.

सरांनी असं का केलं, तर थोडं आधी माझ्या नातीनं, कोमलनं, त्याच स्टेजवर माझ्यावरचा निबंध वाचला होता. "माझी आजी निरक्षर आहे. परंतु जीवनाच्या शाळेत तिने पदवी मिळवली आहे." आज्यांचा सत्कार होता तो. बोट दाबलं जाताना मी कोमलकडं बघितलं. ती खाली बघायली होती.

आता मी वाचायला कशी शिकले ते सांगते. शाळेत मला कुणी घातलं न्हाई. आमी मेंढरं घेऊन हिंडणारी माणसं. आपली मेंढरं ओळखू यावीत म्हणून पाठीवर गेरूनं खूण करायची, ज्याची त्याची वेगळी. मी सोनपेठच्या बाजारात दुकानाच्या पाट्या बघायची. जवळ जो असंल त्याला विचारायची, हे काय म्हणायचं? आणि रानात येऊन ते अक्षर मेंढीच्या पाठीवर काढायची. मेंढरं चरायला पांगली की अक्षरंबी पांगायची. आमचे मालक, म्हणजे कोमलचा आज्जा, हसायचे, "तुझी बाराखडी गेली बघ पाणी प्यायला." पुढं जुने पेपर वाचले, मग पुस्तकं. कोमलला पहिला 'क' मी कोकराच्या पाठीवरच काढून दाखवला. ते कोकरू ती दिवसभर कुणाला शिवू देईना.

त्या पोरीनं माईकवर निरक्षर म्हणून वाचलं.

एसटीत ती खिडकीला बसली. मी तिकिटं काढली. मग विचारलं, "मला वाचता येत न्हाई व्हय गं?"

"आज्जे, ते मी लिहिलेलं न्हाई. मोबाईलमधल्या एआयनं लिहून दिलंय. मी नुसतं सांगितलं, मेंढपाळ आजीवर भावनिक निबंध लिही."

"मग मी अडाणी हाय हे त्याला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. त्यानंच धरलं तसं."

"आन तू वाचलंस."

"लोकं रडले की, आज्जे. सगळेच असं करायलेत. आता कोण बसतंय लिहित."

मला लय राग आला होता. पण घरी आल्यावर, चूल पेटवता पेटवता, तिनंच पुढचं सांगितलं. पहिल्या वर्षाला असताना तिनं एक निबंध स्वतः लिहिला होता. आमी, लय, न्हाई, जसं बोलतो तसा. ह्याच सरांनी तो वर्गात हेल काढून वाचून दाखवला. पोरं बाकं बडवून हसली. सर म्हणाले, "मॅडम, हे कॉलेज आहे, मेंढवाडा नाही."

"एआयनं लिहिलेल्याला कुणी हसत न्हाई," कोमल म्हणाली.

मी भिंतीला टेकून बसले. एवढी वर्षं पोरीनं ही बेज्जती पोटात ठेवली आणि मला कळलंच न्हाई. तिला बोलायची शरम आधी लावली. मग हातात आयतं बोलणं दिलं. आणि ते आयतं बोलणं वाचलं की शाबासकी.

दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, "माझं राहू दे. तुझ्या आज्ज्यावर लिही. मोबाईल तिकडं ठेव." ती कागद घेऊन बसली. मी शेंगा फोडत बसले. बऱ्याच वेळानं बघितलं तर एकच ओळ. माझ्या आजोबांचे व्यक्तिमत्त्व प्रेरणादायी होते.

"आज्जा गेला त्या दिवशी तू काय केलंस, आठवतं का?"

"आठवतं. काठी लपवली."

आमच्यात गेलेल्या माणसासोबत त्याची काठी देतेत. तिरडी बांधून झाली, माणसं खोळंबली, काठी सापडंना. कोमल तवा फ्रॉकातली लेकरू. तिनं ती कडब्याच्या गंजीत खुपसली होती. कामून, तर आज्जा काठीबिगर कुठंच जात न्हाई. हे ती बोलली आणि दगडासारखी माणसं रडली.

"मग तेच लिही की, बाई."

"त्यात काय लिहिण्यासारखं हाय?" ती म्हणाली. पेन तसाच हातात. मग तो खाली ठेवला. "आत सगळं हाय, आज्जे. पण शब्द यायलेच न्हाईत. पहिलं यायचे."

तिचं डोकं मी मांडीवर घेतलं. रडून रडून ती झोपली.

मग सरांचा फोन आला. निबंध कॉलेजच्या वार्षिक अंकात छापायचाय, सोबत माझा अंगठा टेकवतानाचा फोटो. कोमल हात जोडून म्हणाली, "गप राहा आज्जे. माझे मार्क सरांच्या हातात हायेत."

मी एसटी धरून कॉलेजात गेले. सरांनी चहा सांगितला. "तुम्हाला अभिमान वाटला पाहिजे, आजी."

"सर, ते खोटं हाय. मला वाचता येतं. छापू नका."

सर हसले. "अहो, तो मुद्दा नाही. भावना बघा. भाषा किती सुंदर आहे."

"कुणाची?"

त्यांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला. "कोमलचं नुकसान होईल. विचार करा."

"तिचं नुकसान तुमी पहिल्या वर्षीच केलंय, वर्गात हेल काढून. आता माझा फोटो काढून टाका, माझं नाव काढून टाका. माझा जन्म छापायची परवानगी मी देत न्हाई."

चहा तसाच ठेवून मी उठले.

निबंध छापला न्हाई. कोमलचे मार्क कमी आले. तवापासून ती माझ्याशी बोलत न्हाई. ताट वाढते आणि तोंड फिरवते. एवढ्याशा घरात दोन बायका, आणि आवाज नुसता भांड्यांचा. माझा जीव तुटतो. पण मी सरांपुढं माफी मागायला जाणार न्हाई. तिच्यासाठीबी न्हाई.

ती कधी बोलंल तवा रागानं बोलू दे. मला शिव्या देऊ दे, माझ्यामुळं वाटोळं झालं म्हणू दे. तिच्या तोंडातून जे येईल ते मी ऐकून घेईन. पण मोबाईलमधून काढलेलं माझं कौतुक ह्या घरात पुन्हा कुणी वाचायचं न्हाई. मी मेल्यावर दोन शब्द बोलायची वेळ आली तवाबी न्हाई. स्वतःचं काही सुचलं न्हाई तर गप उभं राहा, माती द्या आणि घरी जा. तसं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. कोमलला सगळ्यात आधी.