झऱ्याचा पत्ता

हसनाबादजवळच्या डोंगरात मेंढ्या चारणारी ती म्हातारी मला शाळेच्या वाटेवर नेहमी भेटायची. माझ्याशी आणि मेंढ्यांशी ती एकाच दमात बोलायची. डोंगरातला झरा कुठं आहे, असं मी विचारलं, की म्हणायची, "त्या पळसाखाली बराबर जा, गुर्जी. हुर्र, मागं फिर!" पळसाखाली कोरडे दगडच असायचे.

एका उन्हाळ्यात गावची विहीर आटली. घरात बायको बाळंतीण होती. तसं सांगितलं, तेव्हा म्हातारी पुढं निघाली. बोरीच्या जाळीमागचा चपटा दगड तिनं सरकवला. खाली पाणी झिरपत होतं.

"आजवर का नाही दाखवलंत?"

"लोकं इंजन लावून समदं पाणी उपसतेत. मंग पाखरायनं कुठं जावं?"

वाटीवाटीनं माझी कळशी भरेपर्यंत तिनं तहानलेल्या मेंढ्या मागं थोपवून धरल्या.