कप्तानाच्या रिव्हॉल्व्हरमधली केसांची पिन

लोवेल हॅन्केने नोकरीभर गावातले पाण्याचे मीटर तपासले. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्याने माणसं तपासायला घेतली.

मिझुरीतल्या टकर क्रीक गावात दर जूनमध्ये अमेरिकन यादवी युद्धातली, १८६३ सालची एक छोटी चकमक पुन्हा लढली जाते. निम्मे लोक उत्तरेचे निळे कोट घालतात, निम्मे दक्षिणेचे करडे. बंदुकीत काळी दारू ठासतात, गोळी मात्र कुणी भरत नाही. निळ्या पलटणीचा लोवेल तपासनीस होता. १८६३ नंतर जन्माला आलेली एकही वस्तू मैदानात जाता कामा नये, हे त्याचं काम. त्याने घड्याळं काढून घेतली, पँटच्या चेन पकडल्या, काळे चष्मे उतरवले. एका वर्षी डेल्मर क्रूस हा कोंबड्या पाळणारा गृहस्थ बार पेटवणाऱ्या तांब्याच्या टोप्यांची डबी उचलायला वाकला, आणि त्याच्या पँटवरून आतल्या चड्डीचा इलॅस्टिकचा पट्टा डोकावला. लोवेलने त्याला जागच्या जागी बाहेर काढलं.

"अरे, आतलं कोणाला दिसतंय?" डेल्मर म्हणाला.

"इतिहासाला," लोवेल म्हणाला.

डेल्मरने ती लढाई सरबताच्या गाडीशेजारी बसून पाहिली.

स्वतः लोवेल मात्र पलटणीत साधा हवालदार होता. दर वर्षी कुंपणापाशी पहिल्या फैरीत मरायचा आणि लढाई संपेपर्यंत तोंडावर माश्या घेऊन पडून राहायचा. कप्तान व्हायचं हे त्याचं जुनं स्वप्न. यंदा जुन्या कप्तानाच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि जागा लोवेलला मिळाली. त्याने नवा कोट शिवला. हाताने, कारण शिवणयंत्राचे सरळ रेषेतले टाके त्याला खोटे वाटतात.

टकर क्रीकच्या लढाईची सुरुवात ठरलेली आहे. निळा कप्तान पुढे येतो, रिव्हॉल्व्हर आभाळाकडे धरतो आणि त्या दिवशी मेलेल्या सहा जणांची नावं घेत सहा बार काढतो. हात खाली आणायचा नाही. सहावा बार झाला की लढाई.

त्या दिवशी सकाळी लोवेल तंबूमागे रिव्हॉल्व्हर पुसत होता. जुन्या सहाबारीची ती नक्कल होती. दारू आणि टोपी वेगवेगळी भरायची. त्याने नळी वर करून घोडा मागे ओढला. सहा घरांचं चक्र फिरलं नाही. पुन्हा ओढला. नाही. नळी जमिनीकडे करून ओढला, तर चक्र शहाण्यासारखं फिरलं.

दुखणं काय ते लोवेलला लगेच कळलं. चक्राला ढकलणारा एक लहान दांडा आत असतो. त्याला हातच म्हणतात. त्या हाताला मागून रेटणारी पातळ स्प्रिंग मोडली होती. नळी खाली असली की हात आपल्या वजनाने पुढे पडून चक्र ढकलायचा. नळी वर केली की मागे कलंडायचा.

त्याची बायको आर्डिस बॉनेट, म्हणजे त्या काळची नाडीची टोपी, बांधत होती. तिला त्याने सगळं सांगितलं.

"मग जमिनीकडे धरून उडव," ती म्हणाली.

"सहा बार? जमिनीकडे? लोकांना वाटेल कप्तान उंदीर मारतोय."

"कोणाची तरी माग ना."

"रिव्हॉल्व्हर आणखी एकाकडेच आहे. वेंडेल प्रुइटकडे."

वेंडेल प्रुइट हा शेजारच्या गावचा दातांचा डॉक्टर, करड्या बाजूचा कप्तान. लढाईच्या आधी शत्रूकडे जाऊन हत्यार उसनं मागायचं, हे लोवेलला मरणापेक्षा कठीण वाटलं. मरायची त्याला निदान सवय होती.

आर्डिसने एक सुस्कारा सोडला, बॉनेट वर सरकवलं आणि केसांतून एक काळी पिन काढून त्याच्यापुढे धरली. चांगली चिवट, पोलादी.

लोवेल पिनेकडे बघतच राहिला. "असली पिन पहिल्या महायुद्धानंतर निघाली."

"माहितेय."

"तुझ्या डोक्यात ही कधीपासून आहे?"

"लग्नापासून. सगळ्यांच्या कोटात डोकावलास, माझ्या बॉनेटखाली कधी पाहिलंस? हवी का नको ते सांग. वारा सुटलाय, बॉनेट उडेल माझं."

त्याने पिन घेतली. रिव्हॉल्व्हर उघडला, मोडलेला तुकडा खाचेतून ठोकून बाहेर काढला, पिनेचा एक पाय हव्या त्या मापाचा तोडून, किंचित वाकवून खाचेत घट्ट बसवला. सगळं जुळवून नळी आभाळाकडे केली आणि घोडा ओढला. चक्र फिरलं. सहाही घरं, टकटक, एकापाठोपाठ एक. मोडण्याआधीही ते इतकं गोड फिरत नव्हतं.

मागे कोणीतरी हसलं. डेल्मर क्रूस पाण्याची कळशी घेऊन उभा होता.

"चालू दे, कप्तान," तो म्हणाला. "आतलं कोणाला दिसतंय?"

डेल्मरने हे कोणालाही सांगितलं नाही. तेच लोवेलला जास्त लागलं.

दुपारी मैदानाभोवती घडीच्या खुर्च्या भरल्या. इतिहासाचे मास्तर कर्णा घेऊन उभे राहिले. झाडीत करडे लोक लोकरी कोटात घाम गाळत थांबले होते. लोवेल पुढे आला, रिव्हॉल्व्हर आभाळाकडे धरला. पहिलं नाव ओठावर आलं आणि तिथेच अडकलं. मेलेल्या माणसाच्या नावाने केसांच्या पिनेचा बार काढायचा, हे काही त्याच्याने होईना.

"पलटण!" तो ओरडला. "माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये बायकोची केसांची पिन आहे! माझाच नियम मी मोडलाय!"

प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे नाटकातलंच.

 मग पलटणीच्या मागच्या रांगेतून आवाज आला, "कप्तान, माझ्या बुटात मऊ जेलची गादी आहे."

"माझ्या कानात यंत्र आहे."

"काय म्हणालास?"

"यंत्र! कानात!"

"माझ्या गुडघ्याला पट्टा आहे, चिकटणारा."

"मी सनस्क्रीन लावलंय. सगळीकडे."

"आणि माझी चड्डी तीच आहे," डेल्मर म्हणाला. "म्हणजे तशीच. नवीन घेतली."

प्रत्येकाला बोलायचं होतं. वर्षानुवर्षांचं साठलेलं होतं. दोघांनी बंदुका खाली ठेवून पँटचे पाय वर केले. लोवेल हात आभाळाकडे धरूनच एकेकाचं ऐकून घेत होता.

झाडीत वेंडेल प्रुइटचा धीर सुटला. दातांच्या डॉक्टराला लोकांनी तोंड उघडून बसलेलं चालतं, पण आपण नुसतं उभं राहिलेलं चालत नाही. "सहा बार गेले खड्ड्यात," तो म्हणाला, "चला!" आणि करडी पलटण आरोळ्या ठोकत मैदानात घुसली.

लोवेलने तेव्हा कुठे घोडा ओढला. नाव, बार. नाव, बार. सहाच्या सहा, आभाळाकडे, एकही चुकला नाही. तोवर त्याची निम्मी पलटण कैद झाली होती. ते दोघे तर पँटचे पाय खाली ओढत बसल्याने पळूही शकले नाहीत. मास्तर कर्ण्यातून लिहून आणलेलंच वाचत होते, "आणि निळ्या सेनेचा हा दणदणीत विजय!" आणि निळी सेना हात वर करून त्यांच्यासमोरून चालली होती.

संध्याकाळी चर्चच्या तळघरात नेहमीचं जेवण होतं. लोवेल उभा राहिला. कोट त्याने घडी करून खुर्चीवर ठेवला होता.

"आज मी जिंकलेली लढाई हरलो," तो म्हणाला. "कप्तानपद सोडतो. मला ते शोभत नाही. मी परत तपासनीस होतो. आणि आता कुठे कुठे बघायचं, हे मला नीट कळलंय."

तळघरात काटे-चमचे थांबले. जेलच्या गादीवाल्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"कप्तान तूच," डेल्मर घाईने म्हणाला. "मी सुचवतो. हात वर करा."

सगळे हात वर गेले. यंत्रवाल्याला प्रश्न ऐकू आला नव्हता, तरी त्याने दोन्ही वर केले.

"आणि कप्तानाला तपासणी करता येणार नाही," डेल्मर पुढे म्हणाला. "एका माणसावर दोन कामांचा बोजा नको."

हेही मंजूर झालं.

लोवेल खाली बसला. त्याचे डोळे पाणावले होते. "बघितलंस?" तो आर्डिसला म्हणाला. "माणसं खरेपणाला किंमत देतात."

आर्डिसने त्याच्याकडे पाहिलं, मग भोवतालच्या निश्चिंत जेवणाऱ्या पलटणीकडे पाहिलं.

"हो तर," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात बटाट्याचं सॅलड वाढलं.