किसनने लिहून दिलेलं भाषण

किसन इंगळेला भाषणाची हौस दांडगी, पण माइकसमोर उभं राहिलं की घशाला कोरड पडायची. बहारीनला येऊन सित्राच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून चौदा वर्षं काढली, जिदहफ्समध्ये बिऱ्हाड थाटलं, तरी ती हौस काही फिटली नाही. मग अकरा वर्षांच्या लेकीकडून, मैत्रीकडून, ती फेडून घ्यायचं त्याने ठरवलं.

तिथल्या त्यांच्या मराठी मंडळाने आंबेडकर जयंतीला मुलांची वक्तृत्व स्पर्धा ठेवली होती. अमेरिकेत तेव्हा वाद पेटला होता, की बाहेरून आलेल्यांच्या मुलांना, केवळ तिथे जन्मली म्हणून, नागरिकत्व द्यावं का. तोच विषय. बाजू ज्याची त्याने निवडायची. बाकीची पोरं ‘द्यावं’ म्हणणार हे किसनने ताडलं. जिथे गर्दी कमी तिथे बक्षीस लवकर, हे त्याचं शहाणपण. त्याने मैत्रीला ‘देऊ नये’ असं भाषण शुद्ध मराठीत लिहून दिलं.

“बट पापा, मी पण इथेच बॉर्न झाले ना?” पाठ करताना पोरीने विचारलं. किसन चपापला. पण गडी असा की, लगेच तोच दाखला त्याने भाषणात घुसडला.

जयंतीला हॉल भरला होता. पहिल्या रांगेत किसनची आई, चंपाबाई. हिंगोलीकडच्या गावाहून तीन महिन्यांसाठी आलेल्या. मैत्री खणखणीत बोलली, “मी बहारीनमध्ये जन्मले, पण मी बहारीनची नाही आणि माझी तक्रारही नाही. पाहुण्याचं पोर पाहुणंच. नुसतं जन्मल्याने गाव आपलं होत नाही.” टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. किसनची छाती फुगली. लोकांशी हात मिळवत तो आईपाशी आला. चंपाबाईंनी टाळी वाजवली नव्हती.

“किसन, तुझा बाप गायरानाचा तुकडा मागाया गेला व्हता,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “सात पिढ्या त्याच गावात जन्मल्या त्याच्या. तवा पाटील हेच बोलला व्हता. हितं जन्मला म्हून गाव तुझं होत न्हाई.”

किसनची कानशिलं तापली. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर आपण लेकीच्या तोंडून पाटलाची भाषा वदवली होती. लाजेने त्याची मान वर होईना. आणि लाजेतून सुटायला माणूस जे करतो तेच त्याने केलं. ती बाजू मंडळानेच दिली होती, असं त्याने आईला सांगून टाकलं.

मैत्री शेजारीच उभी होती. आजीला कळावं म्हणून तिने मुद्दाम मराठीत सांगितलं, “नाही आजी, पापांनीच सिलेक्ट केली. म्हणाले, प्राइझ मिळेल.”

चंपाबाईंनी नातीला जवळ घेतलं. लेकाकडे त्यांनी पाहिलंच नाही.