जवसाच्या चटणीची चिठ्ठी

सरांनी मला फसवलं. भर वर्गात, सगळ्यांदेखत. वर म्हणाले, "ताई, ही परत घ्या."

हे त्यांचं पालुपद. भिंतीवर लावलेली माझी चिठ्ठी ते अलगद सोलून काढत आणि अदबीनं माझ्याच तळहातावर ठेवत. असे अदबीनं अपमान करणारे पुणेकर तुम्हीही पाहिले असतील.

माझा डब्यांचा धंदा. वर्ध्याहून पुण्यात येऊन एका शेगडीवर उभा केलेला. ॲप बनवायला दिलं, तर बनवणारी मुलं रोज विचारायची, "आधी काय करू?" मी म्हणायची, "सगळंच आधी!" महिनोन्महिने काहीच झालं नाही. शेवटी त्यांनीच मला हिंजवडीत प्रॉडक्ट ओनरच्या वर्गाला धाडलं. म्हणजे आधी काय करायचं, हे ठरवायला शिकायचं.

सरांचा नियम एकच. एका कामाची एक चिठ्ठी, जी वर ती आधी, आणि दोन चिठ्ठ्या एका उंचीवर लावायच्या नाहीत.

मी मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांना घाम फोडणारी बाई. दोन शेजारीशेजारी लावल्या.

"दोन्ही तितक्याच महत्त्वाच्या आहेत."

"वा! पोळ्याही सगळ्या एकदमच तव्यावर टाकत असाल."

वर्ग हसला. मी पेटले.

जेवताना सरांना माझी जवसाची चटणी वाढली. झाकण पुसून खाल्लं त्यांनी. म्हटलं, सौदा जमला. लगेच चिठ्ठी लावली: 'चटणी बाहेरगावी पाठवणे.'

"ताई, ही परत घ्या."

"अहो, आत्ता बोटं चाटलीत!"

"चाटली. पण मी पुण्यात राहतो. बाहेरगावाहून कुणी मागेल तेव्हा लावा."

ती चिठ्ठी मी रागानं पर्समध्ये कोंबली. पण ॲप झालं, आणि धावलंही. दर गुरुवारी सरांचा डबा जायचा. खाली शेरा यायचा, "मीठ बेतानं." मी उत्तर द्यायची, "टीका बेतानं."

मग गुरुवार रिकामे जाऊ लागले. मी भांडायलाच फोन केला.

"नाशिकला आलोय मुलीकडे. आता इथंच." मग म्हणाले, "चटणी मागवत होतो. ॲप म्हणतंय, तुमच्या गावी सेवा नाही."

"कुणामुळे?" मी ओरडले. सर खोकला लागेपर्यंत हसले.

आज ती चुरगळलेली चिठ्ठी मी भिंतीवर लावली आहे. सगळ्यांच्या वर, एकटी. मुलं कामाला लागली आहेत. पण इतके गुरुवार तुमचं ताट चटणीवाचून राहिलं, सर, त्याचा जाब कोण देणार? तुम्हीच द्या. आणि फोनवर नाही, पुण्यात येऊन, माझ्यासमोर जेवायला बसून द्या.