माझ्या नंबरावरच्या चौघी

गावातल्या गरोदर बायांची नोंद वहीऐवजी मोबाइलवर करायची असं ठरलं, तेव्हा आम्हा आशा सेविकांना एक दिवसाचं प्रशिक्षण मिळालं. शिकवणाऱ्यानं सगळं सांगितलं. बाईकडे फोनच नसला तर काय करायचं, एवढं मात्र सांगितलं नाही. नंबराचा रकाना रिकामा ठेवला की फॉर्म पुढे सरकत नसे. आमच्या अड्याळकडच्या गावात घरचा एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा सकाळीच मोटारसायकल काढून वरठीला कामावर गेलेला. नंबर बायकोला पाठ नसायचा. मग मी सरळ माझाच टाकायची. चौघींना टाकला. सगळ्याच आशा असं करत, त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत तपासणी झाली, रक्त-लघवी प्रयोगशाळेत गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी फोडणीला टाकत होते आणि मेसेज आला. ‘आपला तपासणी अहवाल चिंताजनक आहे. त्वरित आरोग्य केंद्राशी संपर्क साधा.’ नाव नव्हतं. मेसेज त्या बाईच्याच हातात पडणार, असं धरलेलं. नाव लिहायची गरज कोणाला वाटणार?

चौघींपैकी कोण? केंद्रात फोन करावा, तर तुमचा नंबर तिथे कसा, हे आधी विचारणार. काम जाईल म्हणून मी घाबरले. अर्धा तास फोन हातात घेऊन नुसती बसून होते. त्या अर्ध्या तासाची मला अजून लाज वाटते.

शेवटी नंबर लावला आणि चौघींचं सगळं सांगून टाकलं. केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, “सर्व्हर बंद हाय ताई, नावच दिसून नाही राहिलं. चौघींलेही घेऊन या.”

तिघी घरीच सापडल्या, त्यांना ऑटोत बसवलं. चौथी सात महिन्यांची. ती धानाच्या बांधीत होती, गुडघाभर चिखलात, इतर बायांच्या ओळीत वाकून रोवणा करत.

“डोकं दुखते का?” मी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरूनच विचारलं.

“दुखते जरासं. उन्हानं असन. कायले घाबरून राहिल्या ताई?”

चिखलात पाय असले की सूज दिसणार कशी? तिला बाहेर काढलं, पाय धुवायला लावले आणि घोट्याच्या वर बोटानं दाबलं. खड्डा पडला तो तसाच राहिला. दुसरा पाय दाबला, तिथेही तसंच.

केंद्रात बीपी मोजल्यावर डॉक्टरांनी तिला तिथूनच भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. आठवडाभरानं ती गोळ्या घेऊन घरी आली. बीपी पुन्हा चढलं तर बाई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका, एकही तपासणी चुकवू नका, असं केंद्रातल्या डॉक्टरांनी मला बजावलं.

बोलणी तर मी खाल्लीच. वर हुकूम आला, खरे नंबर भरा. मी तिच्या घरी गेले, तेव्हा ती म्हणाली, “ताई, माह्यावाला तुमचाच राहू द्या नं.” मला नाही म्हणताना फार जड गेलं, पण मी तिच्या नवऱ्याचा नंबर भरला. पडद्यावर हिरवी खूण उमटली.

तेव्हापासून माझा फोन शांत होता आणि माझ्या जिवाला चैन नव्हतं. तिची पुढची तपासणी होऊन चार दिवस झाले, तरी काही कळेना. कामावरून परतणारा तिचा नवरा संध्याकाळी रस्त्यात भेटला. मी गाडी थांबवायला लावली आणि दवाखान्याचे मेसेज येतात का, असं विचारलं.

“मेसेज तं रोजच येतात ताई,” तो म्हणाला. “कोण वाचत बसते? सप्पेच पुसून टाकतो.”